कडी कोणी लावली

मी सेशन कोर्टात स्टेनो होतो. मराठवाड्यातल्या चार कोर्टांत मिळून एकतीस वर्षं नोकरी झाली, आता रिटायर आहे. ही गोष्ट त्यातल्या कुठल्या कोर्टातली ते लिहीत नाही आणि गावाचंही नाव लिहीत नाही, कारण त्यात एक लेकरू आहे आणि ते आता मोठं झालंय, त्याला कुणी ओळखू नये.

खून २००९ च्या हिवाळ्यातला, निकाल लागला २०११ मध्ये. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, नवरा-बायको रात्री झोपेत मारले गेले, कुऱ्हाडीने. कापूस विकून आलेले पैसे घरात होते ते गेले. आरोपी त्यांचाच सालगडी, चोवीस वर्षांचा पोरगा, पाडव्याला साल धरलं तेव्हा उचल घेतलेली, मधेच सोडून जायचं म्हणत होता, मालक म्हणाला उचल फेड अन् जा, त्यावरून आठ दिवसांपासून कुरबुर चालू होती. आतल्या खोलीत त्यांचं पाच वर्षांचं पोरगं झोपलेलं होतं. ते वाचलं. सकाळी मयताची आई गावातून भाकरी घेऊन आखाड्यावर आली तेव्हा तिनेच सगळं पहिल्यांदा बघितलं आणि आतल्या खोलीची कडी काढून नातवाला बाहेर आणलं, बाहेर म्हणजे कुठून आणलं असेल ते तुम्हीच समजा, जायचा रस्ता पुढच्या खोलीतूनच होता.

साक्ष कशी होते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात बोलतो, जजसाहेब त्याचं वाक्य नीट लावून सांगतात आणि आपण ते टाईप करतो. रडणं टाईप होत नाही. साक्षीदार पाच मिनिटं गप्प उभा राहिला तरी ते गप्प राहणं कागदावर येत नाही. आजीची साक्ष होती त्या दिवशी पीपींनी, म्हणजे सरकारी वकिलांनी, विचारलं, आतल्या खोलीचं दार कसं होतं? आजी म्हणाली, भाईरून कडी होती, म्या काढली. मी टाईप केलं. आणि मग ती एकदम आरोपीकडं वळली आणि म्हणाली, "कडी कोनं लावली ते इचारा की त्याला. कोनं लावली?"

जजसाहेब शांत माणूस, आवाज न चढवता म्हणाले, आजी, तुम्हाला विचारलं तेवढंच सांगा. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. ते वाक्य मी टाईप केलं नाही, करायचं नसतंच.

यात चूक कुणाचीच नव्हती, हे मला लिहायलाच पाहिजे. आरोपीचा बचाव काय होता, तर मी तिथे नव्हतोच, त्या रात्री पाव्हण्याच्या गावी होतो. लीगल एडचा, म्हणजे सरकारकडून फुकट मिळालेला, वकील होता आणि त्याने त्याचं काम नीट केलं. पण एकदा नव्हतोच म्हटल्यावर कडी मी लावली का नाही लावली हे बोलायचा रस्ताच बंद होतो ना. ३१३ चा जबाब झाला, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीलाच विचारतं तो, शंभराच्या वर प्रश्न होते, प्रत्येकाला एकच उत्तर, खोटं आहे, माहीत नाही, खोटं आहे. त्यातला एक प्रश्न कडीचाही होता, "साक्षीदाराने सांगितले की दाराला बाहेरून कडी होती, याबाबत काय म्हणायचे आहे?" माहीत नाही. ते मीच टाईप केलंय.

दोषी धरल्याचा निकाल एका दिवशी झाला आणि शिक्षेची सुनावणी तिसऱ्या दिवशी ठेवली. त्या मधल्या दिवशी दुपारी मी डबा खाऊन बाहेर आलो तर लिंबाच्या झाडाखाली आजी एकटीच बसलेली. माझ्या गळ्यात बारका क्रूस असतो, शर्टच्या आत असतो पण उन्हाळ्यात वरचं बटण उघडं राहतं. तिने तो बघितला आणि म्हणाली, "सलाम बाबा." मी चमकलोच. आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतो, ते ख्रिस्ती वाचकांना माहीत आहे. मीही सलाम केला. आमचं मूळ जालन्याचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्या काळापासूनचं आमचं घराणं, आणि आजीच्या गावातही चर्चची एक खोली आहे, दहा-बारा घरं आहेत.

ती जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. म्हणाली, गाव म्हणतंय फाशी माग, दोन क्रुझर भरून मानसं आल्यात उद्यासाठी. पाळकसाहेब म्हणतेत माफ कर, आपन ख्रिस्ती हावोत. "म्या दोगाला बी काय म्हनले न्हाई बाबा. मला फाशीचं बी कळंना अन् माफीचं बी कळंना. मला कडीचं इचारायचंय."

मी विचारलं, कडीचं का?

तर नातू. तो दार लावून झोपत नाही, दार लावलं की किंचाळतो, आणि दीड वर्षापासून एकच विचारतो, पप्पांनी मला कोंडलं होतं का? मी रडलो म्हणून कोंडलं का? त्याला वाटायलंय की आपण त्रास दिला म्हणून आईबापाने आत टाकून कडी लावली. आजीला त्याला काहीतरी सांगायचं होतं पण खोटं सांगायचं नव्हतं.

त्या रात्री मला झोप नाही. घरी बायबल काढून बसलो. पाळकसाहेबांच्या बाजूने बोलायचं तर लिहिलेलं भरपूर आहे, पण खरं सांगायचं तर त्याच शास्त्रात गावाच्या बाजूनेही लिहिलेलं आहे. उत्पत्ती नवव्या अध्यायात सरळ आहे, जो माणसाचं रक्त पाडील त्याचं रक्त माणसाकडून पाडलं जाईल. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो की अधिकारी तरवार उगीच धरत नाही. यावरून आजही जगातल्या मोठमोठ्या मंडळ्या फाशीच्या बाजूने उभ्या आहेत, अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली तसा ठरावच केला, आणि क्वेकर, मेनोनाइट यांच्यासारखे ख्रिस्ती पंथ त्याच शास्त्रावरून फाशीला विरोध करतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, डोळ्याबद्दल डोळा असं सांगितलेलं तुम्ही ऐकलंय, पण मी तुम्हाला सांगतो... दुसरा गाल पुढे करा, ते सगळ्यांना पाठ आहे.

माझी आई मात्र नेहमी काईन-हाबेलवर यायची. जगातला पहिला खून, तोही सख्ख्या भावाचा, आणि तोही शेतातच. आई म्हणायची, देवाने काईनाला आधी काय केलं बघ. आधी विचारलं, तुझा भाऊ हाबेल कोठे आहे? देवाला माहीत नव्हतं का? माहीत होतं, तरी विचारलं. मग शिक्षा दिली, चांगली कडक दिली, जमीन तुला पीक देणार नाही, तू भटकत राहशील. आणि शेवटी त्याच्यावर खूण केली, कुणी याला मारू नये म्हणून. लहानपणी हे शंभरदा ऐकलेलं, पण त्या रात्री पहिल्यांदा माझं लक्ष त्या प्रश्नावर अडकलं. आमच्या कोर्टात दीड वर्ष खटला चालला, अठरा साक्षीदार झाले, आणि आजीचा प्रश्न आरोपीला, त्याला उत्तर देता येईल असा, एकदाही विचारला गेला नव्हता.

आणि माफीबद्दल. त्याच वर्षी जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स या ऑस्ट्रेलियन मिशनरींच्या खुनाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मारेकरी दारा सिंगची जन्मठेप कायम केली होती, बाररूममध्ये त्याची बरीच चर्चा झालेली. ओडिशात १९९९ मध्ये बाप आणि दोन पोरं, एक दहा वर्षांचं एक सहा वर्षांचं, गाडीत जाळून मारली, आणि स्टेन्सच्या बायकोने, ग्लॅडिस बाईंनी, माफ केलं. आपल्या प्रत्येक चर्चमध्ये हे उदाहरण देतात. पण त्याच बाईंनी हेही म्हटलंय की माफी वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, दोन्ही मिसळू नका. तो भाग प्रवचनात येत नाही. इंदूरकडच्या सिस्टर राणी मारिया, १९९५ साली बसमधून ओढून ज्यांना मारलं, त्यांच्या सख्ख्या बहिणीने २००२ मध्ये जेलात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. बांधली ती सात वर्षांनी. मनाने तयार झाली तेव्हा गेली असणार. आजीला दीड वर्षात, तेही शिक्षेच्या आदल्या दिवशी, माफ कर म्हणणं, मला ते बरोबर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. फाशी माग म्हणणारे आणि माफ कर म्हणणारे, दोघंही तिला काय पाहिजे ते विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुनावणी. आरोपीला विचारलं शिक्षेबाबत काय म्हणायचंय, तो म्हणाला घरी म्हातारी माय हाय, दया करा. पीपींनी १९८० चा बच्चन सिंगचा निकाल वाचला, दुर्मिळातली दुर्मीळ केस असेल तरच फाशी, आणि म्हणाले ही तशीच आहे, झोपलेल्या मालकाला मारलं, विश्वासघात. बचावाच्या वकिलाने वय सांगितलं, आधी एकही गुन्हा नाही सांगितलं. दुपारनंतर ऑर्डर. मी चेंबरमध्ये बसून डिक्टेशन घेतलं, मरेपर्यंत फाशी, हायकोर्टाच्या मंजुरीला अधीन राहून. तोपर्यंतच्या नोकरीत ते वाक्य मी कधी टाईप केलं नव्हतं. दोनदा चुकलो. जजसाहेब काही बोलले नाहीत, पाणी मागवलं, अर्धा ग्लास स्वतः पिले आणि अर्धा तसाच ठेवला.

ऑर्डर वाचल्यावर बाहेर गावाची माणसं ओरडायली होती. पोलिसांनी आरोपीला पुढच्या दाराने न नेता मागच्या व्हरांड्यातून काढलं, रेकॉर्डरूमच्या बाजूने. आणि आजी तिथे उभी. तिला कुणी सांगितलं की व्हॅन मागे लागते, ते लिहीत नाही.

हवालदार तिच्याच वयाच्या बाईचा मुलगा असावा, थांबला. म्हणाला, माय, एक मिन्ट. मी फाईल हातात धरून दहा फुटांवर होतो.

आजीने आरोपीला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. "कडी तू लावली का त्यानं लावली?"

पोरगा खाली बघत होता. बराच वेळ गेला, किंवा मला तसं वाटलं असेल. मग म्हणाला, "मीच लावली माय. आधीच लावली. ते भाईर आलं असतं तर..."

"फुडं बोलू नको," आजी म्हणाली. "लेकरू उठलं व्हतं का?"

"न्हाई. झोपलेलं व्हतं."

"बरं."

एवढंच. मिनिट पण झालं नसेल. ती बाजूला सरकली, त्यांनी त्याला नेलं. दीड वर्षात जे बारा पोलीस, दोन वकील, एक कोर्ट आणि मी मिळून काढू शकलो नव्हतो ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, फाशी सुनावल्यावर, जेव्हा खोटं बोलून काही वाचणार नव्हतं तेव्हा. आणि माझ्या पोटात कालवलं ते याच्यासाठी की ही गोष्ट, आधी कडी लावली ही, कदाचित शिक्षेच्या वेळी कोर्टाने विचारात घेतली असती. पण ती सांगायला आधी मी मारलं हे सांगावं लागत होतं. पोलिसांच्या ताब्यातलं बोलणं, ते पुराव्यात येत नाही, आणि मी कोर्टाचा नोकर, मी गप्प बसलो. पुढे औरंगाबाद खंडपीठाने त्याचं वय आणि आधीचा गुन्हा नसणं बघून फाशीची जन्मठेप केली. ते ऐकलं तेव्हा मी ऑफिसातच खुर्चीत मान खाली घालून प्रार्थना केली, शेजारच्या क्लार्कला वाटलं शुगर कमी झाली.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. कॅनडात एल्मायरा नावाच्या गावात १९७४ मध्ये दोन पोरांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली, काचा, गाड्या, तर एका मेनोनाइट प्रोबेशन ऑफिसरच्या सांगण्यावरून जजने त्यांना दारोदार जाऊन त्या लोकांना तोंड दाखवायला आणि नुकसान भरायला लावलं. पुनर्स्थापक न्याय म्हणतात तो आजकालचा विचार बराचसा तिथून वाढला. त्याच्या मुळाशी जक्कय आहे असं मला वाटतं, उंबराच्या झाडावरचा जकातदार, येशूने त्याला शिक्षा सुनावली नाही, त्याच्या घरी उतरायला गेला, आणि जक्कयच उठून म्हणाला ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. आता खुनात चौपट काय देणार, दोन माणसं कुठून आणणार, हे मलाही कळतं. खुनाची तडजोड कायद्यात नाही आणि ती नसावीच, नाहीतर आपल्याकडं गरिबाच्या लेकराचा खून पंचांसमोर दोन लाखांत मिटेल. शिक्षा पाहिजे. पण शिक्षेसोबत खरं बोलायला एक जागा पाहिजे, ज्याला ऐकायचंय त्याच्यासमोर, त्याची इच्छा असेल तरच.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिसनी कॅथलिक शिकवणीतला २२६७ वा परिच्छेद बदलून मृत्युदंड मान्यच नाही असं केलं, आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी मला त्या दिवशी बरं वाटलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशी देण्याआधी त्या माणसाचा जेलमधला, घरचा, मनाचा रिपोर्ट मागवा. हे तेव्हा असतं तर कुणीतरी त्या पोराजवळ तासभर तरी बसलं असतं.

आजी परत एकदा आली होती, त्याच पावसाळ्यात, निकालाची नक्कल घ्यायला. नातू सोबत होता, दप्तर पाठीवर. नक्कल मिळाली, शंभरच्या वर पानं. तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, "कडीचं कुठल्या पानावर हाय?"

मी म्हणालो, आजी, ते यात नाही. ते यात येत नाही.

ती त्या गठ्ठ्याकडं बघत राहिली. म्हणाली, मी उद्या मेले तर याला कोन सांगंल? तू व्हतास तिथं.

मी रद्दीतला, टाईप केलेला, एक पाठकोरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं. आतल्या खोलीची कडी बाहेरून सालगड्याने लावली होती, आधीच लावली होती. तू झोपलेला होतास. तुझ्या पप्पांनी तुला कोंडलं नव्हतं. खाली तारीख टाकली. तिला वाचून दाखवलं, पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता, काही बोलला नाही, दप्तराचा पट्टा चावत होता.

"शिक्का?" आजी म्हणाली.

शिक्का नाही मारता येत आजी.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली, आणि कागदाची चार घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.