वैताग येत नाही का?

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या जपानात, योकोहामात म्हणे कचरा टाकायलाही वेळापत्रक असतं. वैताग नाही येत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : येतो की. पहिलं वर्षभर तर फारच यायचा.

आमच्या गल्लीत जाळायचा कचरा मंगळवारी आणि शनिवारी. प्लॅस्टिकचा वार वेगळा, डबे-बाटल्यांचा आणखी वेगळा. सगळं सकाळी आठच्या आत न्यायचं. पिशवी आतलं दिसेल अशी हवी, म्हणजे काल तुमच्याकडे काय शिजलं ते गल्लीला कळणार. वर कावळ्यांसाठी जाळी पांघरायची. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा चांगलेच दांडगे.

बाटलीचं झाकण काढा, लेबल सोला, विसळा, चेपा, हे हाताच्या सवयीचं होऊन जातं. गाडी अडते ती आपल्या स्वयंपाकघरात. कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट घ्या. प्लॅस्टिक, म्हणून धुवायचं. तेल-तिखटाचा तो लाल थर निघाला तर प्लॅस्टिकमध्ये, नाही निघाला तर जाळायच्या पिशवीत. दुसऱ्याच महिन्यात मी एक पाकीट नुसतं झटकून प्लॅस्टिकमध्ये कोंबलं. गाडी येऊन गेली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या, माझी तेवढी राहिली, अंगावर 'चुकलंय' सांगणारं स्टिकर मिरवत. शेजारच्या आजी जाळीची घडी घालत होत्या. बोलल्या काहीच नाहीत, फक्त मान तुकवली. शहरात 2008 पासून 2000 येन दंडाची तरतूद आहे. त्या मान तुकवण्यापेक्षा दंड परवडला असता.

एवढा आटापिटा कशासाठी? 2003 साली शहराने कचरा 2001 च्या तुलनेत 30 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. मुदत 2010 ची होती, 2005 लाच जमलं, आणि कचरा जाळायचे दोन कारखाने बंद करता आले. हे कळल्यावर वैताग थोडा उतरला. पूर्ण नाही.

परातीने तो परत चढवला. आईने दिलेली, काठाला चीर गेलेली. धातूची वस्तू 30 सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ती 'सोदाइ गोमी', म्हणजे मोठा कचरा. फोन करून तारीख घ्या, दुकानातून 200 येनचं स्टिकर आणा, चिकटवा. (निवृत्त होऊन घरी बसलेल्या नवऱ्यांनाही इथे चेष्टेने सोदाइ गोमी म्हणत.) पुण्यात तीच परात भंगारवाल्याला दिली असती तर उलट त्यानेच मला पैसे दिले असते!

पण पुण्यात निवडानिवड होत नव्हती असं थोडंच आहे? होत होती, फक्त ती दारावर येणाऱ्या मावशी करायच्या, आणि मी कधी बघितलंच नव्हतं. गेल्या खेपेला बघितलं. मावशींनी आमची पिशवी जिन्यातच उलटी केली. चहाच्या चोथ्यातून दुधाच्या पिशव्या बोटांनी वेचून काढल्या, झटकल्या, बाजूला ठेवल्या. "काकू, या वेगळ्या द्या ना," म्हणाल्या. आई "हो हो" म्हणाली. हेच ती गेली कित्येक वर्षं म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी मी सिंकपाशी दुधाच्या पिशव्या कापून धूत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"तिकडे रोज करतेस हे?"

"रोज."

"अगं, पण मावशींना महिन्याला पैसे देतो आपण," ती म्हणाली. "तुला कोण देतं?"