मैदान कुणाच्या नावावर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्यात फुटबॉलचा विषय निघाला की हे कुणीतरी विचारतंच : आपल्या पुण्याच्या वेंकीज या पोल्ट्री कंपनीनं २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब घेतला, वर्षानुवर्षं पदरचे पैसे घातले, तरी तिथले लोक मालकांच्या नावानं शंख का करतात?

उत्तर द्यायला मला आधी इंग्लंडमधल्याच ब्रायटनला जावं लागतं. तिथला संघ १९०२ पासून गोल्डस्टोन मैदानावर खेळायचा. क्लब कर्जात बुडाला आणि १९९५ मध्ये संचालकांनी ते मैदान विकलं, नव्या जागेचा पत्ता नसताना. विक्रीपेक्षाही मला दुसरीच गोष्ट खुपते. क्लब बंद पडला तर मालमत्तेतून भागधारकांनी नफा घ्यायचा नाही, असं कलम नियमावलीत होतं. नव्या नियमावलीतून ते गळालं. बोभाटा झाल्यावर ‘चूक झाली’ म्हणत परत घातलं. पण एकदा मनात आलेली शंका अशी निघते थोडीच?

एप्रिल १९९६ मध्ये लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले, सामना सोळा मिनिटांत थांबला. मोडतोड मला मान्य नाही, पण त्यांची तडफड कळते. पुढच्या फेब्रुवारीत इतर क्लबांचे चाहते आपापल्या संघाची जर्सी घालून ब्रायटनच्या पाठीशी येऊन उभे राहिले. हे वाचताना आजही माझा गळा दाटून येतो. गोल्डस्टोनवरचा शेवटचा सामना संपल्यावर लोकांनी हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. मग दोन मोसम ‘घरचे’ सामने शंभरेक किलोमीटरवरच्या जिलिंगहॅमला. स्वतःचं स्टेडियम मिळायला २०११ उजाडलं.

आता ब्लॅकबर्न. १९९५ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च श्रेणी, जिंकणारा हा संघ २०१२ मध्ये तिच्यातून बाहेर पडला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. पैसा येत राहिला, हे खरंच आहे. पण सगळा क्लब एकाच घराच्या तिजोरीवर जगतो, आणि पुढे ते पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. ईवुड पार्क या क्लबच्या मैदानावर १८९० पासून येणाऱ्या गावाला मग झोप कशी लागेल?

शिवाय डर्बी या आणखी एका इंग्लिश क्लबचं उदाहरण त्यांच्यासमोर आहे. २०१८ मध्ये डर्बी काउंटीनं आपलं प्राइड पार्क स्टेडियम स्वतःच्याच मालकाच्या कंपनीला ८ कोटी १० लाख पौंडांना विकलं आणि हिशेबात तोट्याच्या जागी नफा दिसला. तीन वर्षांत क्लब दिवाळखोरीला येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेला. तेव्हा क्लब एकीकडे नि मैदान दुसरीकडे. शेवटी २०२२ मध्ये गावातल्याच एका बिल्डरनं आधी मैदान आणि मग क्लब विकत घेतला, तेव्हा कुठे सुटका झाली.

म्हणून इंग्लंडमधले चाहते आता क्लबचा ताळेबंद स्वतः वाचतात. तिथे तो कुणालाही बघता येतो. गोल किती झाले हे त्यांना पाठ असतंच. ताळेबंदात ते आधी शोधतात, मैदान अजून क्लबच्याच नावावर आहे ना.