तोफेची जागा ठरली : शंभर घरांच्या पटाची नोंद

शियांगची म्हणजे चिनी बुद्धिबळ आणि आपले नेहमीचे बुद्धिबळ यांच्या मिलाफातून आम्ही जो खेळ बसवत आहोत, त्यात तोफ सुरुवातीला कोठे उभी करावी, हा प्रश्न बरेच दिवस अडून होता. साखर पेठेतल्या आमच्या गच्चीवर, ऊन उतरल्यावर आत्तेभावाबरोबर खेळलेल्या डावांनंतर तो आता सुटला आहे.

शियांगचीत तोफ हत्तीसारखी सरळ चालते, पण मारताना मध्ये नेमके एक मोहरे असावे लागते. त्या मोहऱ्याला आम्ही आडोसा म्हणतो. तिथे तोफा तिसऱ्या ओळीत असतात, म्हणून आम्हीही दहा बाय दहाच्या पटावर त्या तिसऱ्याच ओळीत ठेवल्या होत्या. मात्र चिनी पटावर प्यादी पाचच आणि तीही चौथ्या ओळीत, तर आमच्याकडे दुसऱ्या ओळीत दहाच्या दहा. त्यामुळे पहिल्याच चालीत तोफ प्रतिस्पर्ध्याच्या राजाच्या उभ्या रांगेत आणली, की त्या राजासमोरचे त्याचेच प्यादे आडोसा होऊन थेट शह बसे. त्या प्याद्याला दोन घरे पुढे काढूनही ते रांगेतच राहते. आपली एखादी तोफ आडवी घालून आडोशांची संख्या दोन करणे, एवढाच मार्ग उरे. प्रत्येक डाव असा सक्तीच्या चालीने सुरू होणे मला मान्य नव्हते.

आता तोफा चारही कोपऱ्यांत आहेत, हत्ती, घोडे, उंट त्यांच्या आत. कोपऱ्यातली तोफ आपल्या प्याद्यावरून समोरचे प्यादे पहिल्याच चालीत मारू शकते, पण त्या घरावर घोड्याचा जोर असल्याने एका प्याद्यासाठी तोफ गमवावी लागते. मोह दिसतो, भाव परवडत नाही. मला हीच मांडणी हवी होती.

नावांचा घोळ मात्र कायम आहे. शियांगचीत कोपऱ्यात रथ असतो आणि हत्ती आपल्या उंटाच्या जागी तिरपा दोनच घरे जातो, पटाच्या मधली नदीही ओलांडत नाही. गोंधळ टाळण्यासाठी आम्ही मराठी नावेच ठेवली. तोफांसाठी यंत्रमागावरच्या जुन्या लाकडी कांड्यांचे तुकडे कापून घासले. कांडीचे आरपार छिद्र वरच्या टोकाला दिसते आणि ते तोफेच्या तोंडासारखे फार शोभते.

रविवारचा डाव नोंदवण्याजोगा झाला. माझ्या दोन तोफा राजाच्या रांगेत एकमेकींना लागून उभ्या राहिल्या, त्यामुळे पुढची तोफ मागचीचा आडोसा झाली आणि शह बसला. भावाने पुढच्या तोफेसमोर उंट आडवा घातला, पण मोहऱ्यावरचा हात उचलण्याआधीच त्याच्या लक्षात आले, की आता तोच उंट पुढच्या तोफेचा आडोसा झाला आहे. राजाला सरकायला घर नव्हते, मात झाली. दोन तोफांमध्ये एक जरी घर मोकळे असते, तर तिथे उंट घालून तो सुटला असता.

शियांगचीतले आणखी दोन नियम स्वीकारले आहेत : मोकळ्या रांगेत दोन्ही राजे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत आणि ज्याला शह नसतानाही चालच उरत नाही, तो हरला. पहिल्या नियमामुळे शेवटच्या टप्प्यात राजा लांबूनही एक रांग धरून ठेवतो. त्याच टप्प्यात आडोसे कमी झाल्याने तोफ दुबळी होते आणि घोडा वरचढ ठरतो. शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याची तोफ करू द्यावी का, हे पुढच्या डावांत तपासायचे आहे.