चतुर्दशीचं पान : घराण्याच्या गुपिताची कादंबरी बांधताना

घराण्यातल्या गुपितावर कादंबरी लिहायला घेतली की पहिल्यांदा सुचते ती माळ्यावरची ट्रंक. ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा आणि पत्रांत सगळं लिहिलेलं. मग नायिकेला नुसतं वाचायचंच काम उरतं. पन्नास वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस असा गठ्ठा ठेवेल कशाला? त्याला जिथे खोटं वागताच येत नाही, तिथेच गुपित फुटतं. ती जागा आधी शोधावी, कथानक मागाहून.

एक आराखडा घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातलं जमीनजुमला असलेलं घर. थोरले आजोबा संन्यास घेऊन काशीला गेले आणि तिकडेच वारले, असं घरात सगळे सांगतात. पितृपक्षात मात्र त्यांचं पान चतुर्दशीला वाढलं जातं. संन्याशाचा महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, द्वादशीला करतात. चतुर्दशी ही शस्त्रानं, घातपातानं गेलेल्यांची. थोरल्यांची धाकटी भावजय, म्हणजे आजी, जगाशी खोटं बोलली. पण गेलेल्या माणसाला चुकीच्या दिवशी जेवू घालणं तिच्यानं होत नाही. आजीचा स्वभाव हाच इथे पुरावा आहे.

हा धागा एकदम उघडा करू नये. तो तीनदा दिसायला हवा. पहिल्यांदा, पहिल्या पंचमांशातच, निव्वळ स्वयंपाक म्हणून: खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, आणि आजी काकूला बाजूला सारून ते एक पान स्वतः वाढते. वाचकाचं लक्ष वड्यांवर राहिलं पाहिजे. दुसऱ्यांदा नायिका, म्हणजे आजीची नात, विचारते, हाच दिवस का? काकू म्हणते, "अगं, त्यांची तिथीच ती." हे उत्तर पटण्यासारखं आहे. तिसऱ्यांदा गुरुजी सहज बोलून जातात की चतुर्दशीला साध्या मरणानं गेलेल्याचाही महालय त्या दिवशी करत नाहीत, अमावास्येला करतात. चाली घरोघर थोड्या वेगळ्या असतात, म्हणून कादंबरीतल्या घराचा रिवाज आधी इतर पितरांच्या पानांतून दाखवून ठेवावा. नाहीतर जाणता वाचक तिथेच अडेल.

आता कागद. सातबाऱ्यावर नावाखाली वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफाराचे, मालकीतल्या बदलाच्या नोंदीचे, क्रमांक, आणि कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. त्या क्रमांकावरून नात थोरल्यांच्या वारस नोंदीपर्यंत पोचते. तिथे मृत्यूची तारीख असते, कारण धाकट्याला जमीन नावावर करून घ्यायची तर तारीख द्यावीच लागली. ती तारीख जुन्या पंचांगात पाहिली तर निघते अष्टमी. काकूचं उत्तर इथे कोसळतं. लेखकानं ही पडताळणी खऱ्या पंचांगावरच करावी. शके सनात ७८ मिळवून इसवी सन काढताना जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. हस्तलिखितांत हमखास चुकतं ते इथे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नायिकेला सगळे कागद एका दुपारी मिळतात. जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, मग हेलपाटे. हा विलंब कापू नये, तो वापरावा. अर्ज पडून असताना कचेरीतला कोणीतरी काकाला सांगतो, "पुतणी उतारा काढतेय." त्या रात्री जेवताना काका काही बोलत नाही, फक्त तिच्या ताटात भात जास्त वाढतो.

गुपिताला काळाचं कारण लागतं. इथे १ एप्रिल १९५७, कृषक दिन, चपखल बसतो. १९४८ च्या कूळकायद्यानुसार त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. त्याआधी कुळांकडून जमीन सोडल्याचे 'खुशीचे' राजीनामे घेतले गेले, त्यांतले कित्येक दबावानं. थोरले कुळांच्या बाजूनं साक्ष द्यायला निघाले होते आणि धाकट्याला ते परवडणारं नव्हतं. मराठवाडा आणि विदर्भासाठी कूळकायदे वेगळे होते, तेव्हा गाव तिकडचं घेतलं तर ही तारीख चालणार नाही.

वयंही मोजून पाहावीत. आजी १९५७ साली एकोणीस वर्षांची असेल, तर २००५ मध्ये सदुसष्ट-अडुसष्टची. कथा २००५ ला ठेवण्याचं दुसरं कारण जास्त मोलाचं आहे: वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबरला लागू झाली आणि त्याच महिन्यात पितृपक्ष सुरू झाला. काका आत्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागतो, आत्या भाचीला म्हणते, "आधी उतारा तर बघू." शोध लावायची हौस म्हणून कोणी सातबारा काढत नाही.

लिहिण्याआधी वहीत प्रत्येक पात्रासमोर चार गोष्टी मांडाव्यात: काय माहीत आहे, कधीपासून, कोणाकडून कळलं, आणि बोललं तर काय जाईल. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र गप्प का, याचं उत्तर लेखकाकडेच नाही असं समजावं. नातीचा हा चौथा रकाना सर्वांत जड हवा. फेरफार उघडा पडला तर तिच्या वडिलांचा वाटाही धोक्यात येतो, आणि तिला हे अर्ज करण्याआधी कळलेलं असावं.

शेवटी आजीला लांबलचक कबुली देऊ नये. नात विचारते, "थोरल्या आजोबांचं पान यंदा मी वाढू?" आजी थोडा वेळ खिरीची वाटी पुसत राहते. "वाढ," म्हणते, "पण काकाला नको कळू देऊस तुला दिवस कळलाय ते."