गॅलरीतलं पिंप

लालबागच्या एका चाळीत पाण्याच्या पिंपावरून भांडण पेटलं होतं. काकूंची तक्रार अशी, की शेजारची सून पहाटे चारला गॅलरीत भांडी आपटते, पिंप घासते, झोपेचं खोबरं करते. सून काही बोलायचीच नाही. तरी दोघी बैठकीला तयार झाल्या.

मी वस्तीतल्या कार्यकर्त्यांना मध्यस्थी शिकवते. त्या दिवशी मावशींची पहिली बैठक होती, जोडीला कॉलेजातला एक मुलगा. मावशी शेजारच्याच चाळीतल्या, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या. खरं सांगायचं तर मला त्यांचीच धास्ती होती. ज्यांना घराघराची कुंडली ठाऊक, त्या तटस्थ कशा राहणार?

बालवाडीच्या खोलीत बुटक्या खुर्च्यांवर कसेबसे मावलो. दहाव्या मिनिटाला मुलाने निकाल देऊन टाकला: पिंप जिन्याकडे सरकवा. 'आपण निकाल द्यायला बसत नाही' हे महिनाभर घोकून घेतलं होतं! तरी मी तोंड उघडलं नाही. शिकवणारी मधे पडली की शिकणारे कायम तिच्याच तोंडाकडे बघत बसतात. शिवाय दोघी हो म्हणत होत्या. पण 2023 च्या मध्यस्थता कायद्यात वस्तीतल्या मध्यस्थीला जागा मिळाली असली, तरी असा समझोता कोर्टाच्या हुकमासारखा बजावता येत नाही. दोघींच्या मनातून आला तरच टिकतो. आणि सून मान खाली घालून हो म्हणत होती.

मावशींनी सहीचा कागद पुढे केलाच नाही. "दोघींशी वेगवेगळं बोलते जरा." सुनेला आतल्या खोलीत घेतलं. मीही गेले.

"तुमच्याकडे पाणी साडेपाचला येतं ना गं? मग चारला काय भरतेस?"

मला हा प्रश्न सात जन्मात सुचला नसता. माझ्या बिल्डिंगला टाकी आहे.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे साडेतीनला येतात, पिऊन. मी बाहेर असले, भांड्यांचा आवाज चालू असला, की हात उचलत नाहीत."

इथे तडजोड नसते. घरात मारहाण आहे असं कळलं की बैठक थांबवायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. पण हे आलं होतं पिंपाचं भांडण म्हणून. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, 181 हेल्पलाइन, सगळं तिला सांगितलं. पोलीस आज नकोत, म्हणाली. नंबर लिहून घेतला नाही, पाठ केला.

बाहेर काकू ताटकळल्या होत्या. आतलं बोलणं त्यांना सांगता येणार नव्हतं.

"मग पिंपाचं काय?"

"राहू दे तिथेच, थोडे दिवस," मावशी म्हणाल्या. माझ्या शिकवणीत हे बसत नाही. मी गप्प बसले.

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "भिंत एकच आहे गं आमची," एवढं बोलून त्या उठल्या.

नंतर कटिंग पिताना मावशींचा हात थरथरत होता. कुणाला सांगायचं नाही, आणि रोज तिचं तोंड बघायचं, याची तयारी मी कुठे करून घेतली होती? अर्धा तास आम्ही बाकड्यावर बसून राहिलो.

आमच्या फॉर्मवर शेवटी दोन चौकोन असतात: मिटलं, नाही मिटलं. मावशींनी दोन्ही कोरे ठेवले आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं, 'पाणी साडेपाचला येतं.'