पाच बिंदूंचा ॲडलमन प्रयोग: नोंद तिसरी, ‘घ’चे मणी

लिओनार्ड ॲडलमन यांनी १९९४ मध्ये सात बिंदू आणि चौदा बाणांच्या आलेखात प्रत्येक बिंदूतून एकदाच जाणारी वाट डीएनएने शोधली. तीच कृती इथे पाच बिंदूंवर आणली आहे. बाण सात: क→ख, क→ग, ख→ग, ग→ख, ग→घ, ख→च, घ→च. क ते च अशी बरोबर वाट एकच, क‑ख‑ग‑घ‑च.

प्रत्येक बिंदूला डीएनएच्या २० अक्षरांचा (A, T, G, C) क्रम. बाणाचा धागा म्हणजे आधीच्या बिंदूची शेवटची दहा अक्षरे आणि पुढच्याची पहिली दहा. क आणि च मात्र पूर्ण वीस घ्यायचे, म्हणून त्यांना लागलेले बाण ३० अक्षरांचे होतात. ख, ग, घ यांचे पूरक धागे (त्या क्रमाला जोडीने चिकटणारे) दोन बाणांना टोकाला टोक लावून धरतात. क पासून निघणारे दोन सोडून बाकी पाचही बाणांना ५′ फॉस्फेट (धाग्याच्या सुरुवातीच्या टोकाचा फॉस्फेट गट) हवाच. तो नसेल तर लायगेज (धागे सांधणारे एन्झाइम) कितीही टाका, सांधा बसत नाही.

सांधणी १०० मायक्रोलिटरमध्ये. दहाही धागे (सात बाण, तीन पूरक) प्रत्येकी ५० पिकोमोल (१० मायक्रोमोलर द्रावणाचे ५ मायक्रोलिटर), १०× बफर १० मायक्रोलिटर, टी४ लायगेज ५ युनिट, खोलीच्या तापमानाला चार तास. ३७ अंशांचा मोह टाळा: पकड दहाच जोड्यांची असल्याने धागे तिथे टिकत नाहीत. बफरमधले एटीपी (लायगेजचे इंधन) वारंवार गोठवून‑वितळवून खराब होते. बाटली उघडली की लगेच लहान नळ्यांत वाटून ठेवावे.

पीसीआरला (दोन टोकांमधल्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी कृती) हे मिश्रण शंभरपट पातळ करूनच घ्या. उरलेले पूरक धागे स्वतःच प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे तुकडे) बनतात आणि जेलवर (धागे लांबीनुसार वेगळे करणारा थर) नुसती धूसर रेघ उमटते. प्रायमर दोन, क आणि च चा पूरक. ३ टक्के ॲगारोजच्या जेलवर ६०, ८०, १०० अक्षरांचे (तीन, चार, पाच बिंदूंच्या वाटांचे) पट्टे वेगळे दिसतात.

१०० चा पट्टा दिसला म्हणजे उत्तर मिळाले, असे मात्र मुळीच नाही. क‑ख‑ग‑ख‑च हीसुद्धा शंभरच अक्षरांची! तिच्यात ख दोनदा येतो आणि घ येतच नाही. ख आणि ग चे मणी (त्या बिंदूचा पूरक धागा लावलेले, तो बिंदू असलेली वाट पकडणारे) तिला हसत आत घेतात. सारा निकाल घ च्या मण्यांवर लागतो, म्हणून आलेख मुद्दाम असा निवडला.

मण्यांची पायरी: स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारे प्रथिन) लावलेले चुंबकीय मणी, त्यांवर बायोटिन जोडलेला घ चा पूरक धागा. नमुना आधी ९५ अंशांवर उकलून एकेरी करावा आणि लगेच बर्फात ठेवावा. दुहेरी राहिला तर तो आपल्याच जोडीदाराला धरतो, मण्यांकडे फिरकत नाही. शक्य असल्यास पीसीआरमध्ये बनलेला उलटा (पूरक) धागा आधीच काढून टाका, त्याने पकड बरीच सुधारते. धुताना द्रावण थंड ठेवले तर नको ते धागे चिकटून राहतात, फार गरम केले तर हवे तेही वाहून जातात.

गळती तपासायला दुसरी नळी हवीच: सगळे तेच, फक्त ग→घ बाण वगळलेला. घ च्या मण्यांनंतर त्या नळीतून १०० चा पट्टा आला तर धुणे अपुरे आहे. ही तपासणी पीसीआरच्या २० ते २५ चक्रांतच करा. ३५ चक्रांत क्षुल्लक गळतीही ठसठशीत दिसते आणि दोन नळ्यांतला फरक पुसला जातो.

पुढची पायरी वाचनाची: क सोबत एकेक पूरक प्रायमर घेऊन चार स्वतंत्र पीसीआर. अपेक्षा ख ला ४०, ग ला ६०, घ ला ८०, च ला १००. ख च्या नळीत ४० बरोबर ८० ही आला, तर खोटी वाट अजून नळीत आहे.