हुमणाला कोणती मिरची?

एकाच मिरचीने रंगही द्यावा आणि तिखटही व्हावं, हा हट्ट मी केव्हाच सोडला. आमच्याकडे गोव्यात हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, दोन मिरच्या लागतात: रंगाला ब्याडगी, तिखटाला हरमली. चौघांपुरत्या बांगड्यांच्या हुमणाला सहा-सात ब्याडगी आणि दोन-तीन हरमली, गरम पाण्यात भिजवून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायच्या. मुंबईचे पाहुणे असले की एक हरमली कमी करते. तरी ते जेवताना सोलकढी दोनदा मागून घेतातच.

तिखट कमी करायला बिया काढून टाकतात, त्याने फारसा फरक पडत नाही. खरा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. मिरची भिजली की उभी चिरून त्या सुरीच्या पाठीने खरवडायच्या, आणि मग तासभर डोळ्यांना हात लावायचा नाही.

ब्याडगी कर्नाटकातून येते, हावेरीकडची. लांब, सुरकुतलेली, तिखट बेताची. ती कुठेही मिळते. हरमली म्हणजे पेडणे तालुक्यातल्या हरमल गावची; तिचं मात्र अवघड आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्रत्येक ढिगातली मिरची 'हरमलचीच' असते. एवढी पिकवायला अख्खा पेडणे तालुका पुरायचा नाही! म्हणून मी नावावर जात नाही. एक उचलून मोडून बघते. कट् आवाज झाला पाहिजे, कानाशी हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत. मोडण्याऐवजी रबरासारखी वाकली तर ती नीट वाळलेली नाही, जूनमध्ये तिला बुरशी येणार. फार चमकणारी मिरचीही नको, तेलाचा हात फिरवलेला असतो कधीकधी.

खोला मिरची वेगळी. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग सुरेख, पण भाव बघता रोजच्या हुमणात घालणं परवडत नाही. ती फक्त रेशादाला, म्हणजे माशात भरायच्या आंबट-तिखट लाल वाटणाला. पाण्याचा थेंब न घालता माडाच्या व्हिनेगरात लसूण, जिरं, मिरी घालून वाटली की बरणीत पावसाळाभर टिकते.

यंदा पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, दोन किलो ब्याडगी, अर्धा किलो हरमली आणि पाव किलो खोला घेतली. खोला कमी पडेल असं सासूबाईंचं म्हणणं. रेशाद त्याच वाटतात, तेव्हा येत्या शुक्रवारी आणखी पाव किलो आणणार आहे.